आखूड रायफल, मोठं बोअर: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

हवेच्या दाबावर चालणाऱ्या, मोठ्या बोअरच्या रायफलींबद्दल आलेली पत्रं बहुतेक अमेरिकेतल्या मराठी वाचकांची आहेत, त्यातही टेक्सासमधली. रानडुकरांचा उपद्रव तिथे आहे, खासगी रानं तिथे आहेत आणि कायद्यानेही वाट बरीचशी मोकळी आहे. एक पत्र न्यू जर्सीचं आणि एक तळकोकणातलं. त्यांची उत्तरं लहान आहेत, पण भारतातल्या वाचकांनी तळकोकणाचं आधी वाचावं.

बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास; मोठं बोअर म्हणजे .30 इंच आणि त्यापुढचं. यातल्या शिकारीच्या रायफली पीसीपी असतात, म्हणजे टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालतात. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात (1 ग्रॅम म्हणजे साधारण 15.4 ग्रेन) आणि तिची ऊर्जा फूट-पाउंडात.

प्रश्न: ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. मित्राच्या रँचवर रानडुकरं फार झाली आहेत. तिथलं ब्लाइंड (शिकारीसाठी लपून बसायचं खोकं) अरुंद आहे आणि बाकी फिरणं बग्गीतून, म्हणून आखूड रायफल हवी. बेंजामिन बुलडॉग, युमरेक्स हॅमर आणि एअरफोर्स टेक्सन या तिघींत अडकलोय. एच-1बी व्हिसावर आहे. घेता येईल ना?

उत्तर: व्हिसाचं आधी संपवू. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात बंदूक म्हणजे स्फोटकाच्या जोराने गोळी फेकणारं हत्यार. हवेची रायफल त्या व्याख्येत बसत नाही आणि टेक्सासच्या दंडसंहितेतल्या व्याख्येतही बसत नाही. त्यामुळे तुमच्यासारख्या व्हिसावर बारुदी बंदुकीबाबत जे निर्बंध येतात, ते हिला लागू होत नाहीत. राज्याची हद्द ओलांडून नेणार असाल तर मात्र पलीकडचा कायदा वेगळा असू शकतो. खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला टेक्सासात 1 सप्टेंबर 2019 पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. मालकाची संमती लेखी घेऊन ठेवा.

आता रायफल. आखूड रायफल दोन प्रकारे होते. नळीच कापायची, किंवा नळी तेवढीच ठेवून तिचा मागचा भाग दस्त्यात, चापाच्याही मागे सरकवायचा. या दुसऱ्या बांधणीला बुलपप म्हणतात. हवेच्या रायफलीत पहिला मार्ग फार महाग पडतो. बारूद क्षणात जळते आणि सुरुवातीलाच प्रचंड दाब देते, पुढे नळी थोडी कमी असली तरी निभतं. हवेचं तसं नाही. टाकीत 3000 पीएसआय (दर चौरस इंचावर इतक्या पाउंडांचा दाब) असेल तर गोळीमागे त्याहून जास्त दाब कधीच येत नाही, आणि ती हवा गोळीला ढकलते ती गोळी नळीत असेपर्यंतच.

हिशेब सोपा आहे. .357 बोअरचं क्षेत्रफळ 0.1 चौरस इंच. त्यावर 3000 पीएसआय म्हणजे 300 पाउंडांचा रेटा. 28 इंची नळीत हा रेटा शेवटपर्यंत टिकला असता तर गोळीला 700 फूट-पाउंड मिळाले असते. प्रत्यक्षात हवा पसरते, व्हॉल्व्ह मिटतो, आणि हाती 200 च्या आसपास लागतात. नळी 20 इंचांवर आणली तर कागदावरची कमालच 500 वर येते आणि प्रत्यक्षातली त्याच बेताने घसरते. उलट नळी तीच ठेवून बोअर .457 केलं तर क्षेत्रफळ 1.6 पट होतं. म्हणून आमचं सांगणं असं: लांबी कमी करायची तर बुलपप घ्या किंवा बोअर वाढवा, नळीला हात लावू नका. दुकानदार ‘कार्बाइन’ (आखूड नळीची रायफल) म्हणून काही दाखवू लागला की पहिला प्रश्न एकूण लांबीचा नको, नळीच्या लांबीचा विचारा.

तुमच्या यादीतल्या तिघी या चष्म्यातून बघा.

बुलडॉग: .357 बोअर, 28 इंची नळी, तरी एकूण लांबी 36 इंच. 340 सीसीची टाकी, 3000 पीएसआय, पाच गोळ्यांचं मॅगझिन. बोल्ट डाव्या बाजूला फिरवून बसवता येतो, डावखुऱ्यांना ही मोठी सोय. ऊर्जा 200 फूट-पाउंडांपर्यंत. बुलपपची किंमत म्हणजे चाप पुढे आणि यंत्रणा मागे. मधल्या लांब दांडीमुळे चाप जरा लिबलिबीत लागतो. गाल मॅगझिनच्या अगदी जवळ येतो आणि खांद्याला लावलेल्या अवस्थेत मॅगझिन बदलणं अवघड जातं. शिवाय दुर्बीण नळीपासून उंच बसते, त्यामुळे अगदी जवळ गोळी नेमाच्या खाली लागते.

हॅमर: .50 बोअर, साडेएकोणतीस इंची नळी, एकूण पावणेचव्वेचाळीस इंच, वजन साडेआठ पौंडांच्या आसपास. 4500 पीएसआयची कार्बन-फायबर बाटली, तिच्यापुढे 3000 वर बसवलेला रेग्युलेटर, म्हणजे बाटलीतला दाब कितीही असो, पुढे ठरावीकच दाब सोडणारा भाग. 550 ग्रेनच्या गोळीने 760 फूट-पाउंड मिळतात असं कंपनी सांगते. बाटलीत पूर्ण जोराचे तीन बार. ही आखूड नाही, पण जेवढी लांब आहे त्यामानाने ताकद भरपूर.

टेक्सन: फोर्ट वर्थला बनते. .457 ची नळी 34 इंची आणि एकूण लांबी 48 इंच. एकेरी बार, 490 सीसीची टाकी, 3000 पीएसआय, ऊर्जा 500 च्या घरात. बाजूची लिव्हर ओढून भरायची, आणि हे भरणं हलकं आहे. बसल्या जागेवरून एकच बार काढायचा असेल तर तिघींत सगळ्यात समजूतदार, पण अरुंद खोक्यात चार फुटांची काठी वळवणं म्हणजे शिक्षा.

ठरवण्याआधी झाडूच्या दांड्याचे 36, 44 आणि 48 इंचांचे तुकडे करा आणि मित्राच्या ब्लाइंडमध्ये बसून प्रत्येक खिडकीतून फिरवून बघा. एक गोष्ट लोक विसरतात: नळीचं तोंड खिडकीच्या बाहेर यायलाच हवं. फार आखूड रायफलीचं तोंड आतच राहिलं तर सगळा आवाज खोक्यात घुमतो, आणि मोठ्या बोअरचा आवाज बारुदी .22 पेक्षा कमी नसतो. कानांत बोळे हवेतच.

50 यार्डांच्या आत, मध्यम डुकरं आणि तुमचा हात स्थिर असेल तर बुलडॉग पुरते. मोठे नर सुळेवाले येत असतील तर हॅमर घ्या आणि आठ इंच जास्तीचे सोसा. जुनी रायफल घेत असाल तर पूर्ण भरून दाबाच्या काट्याचा फोटो काढा आणि 24 तासांनी, तेवढ्याच तापमानात पुन्हा बघा. काटा उतरला असेल तर किंमतही उतरवा.

प्रश्न: ऑस्टिनहून. हीच .357 बुलपप घेतली तर हिवाळ्यात पांढऱ्या शेपटीचं हरिण मारायला चालेल का? दुकानात ‘बिग बोअर आहे, चालते’ म्हणाले.

उत्तर: दुकानातलं उत्तर अर्धवट आहे. टेक्सासने 2018 पासून हरणासाठी हवेच्या रायफलीला मुभा दिली, पण अट घालून. बोअर किमान .30, गोळी किमान 150 ग्रेनची आणि तोंडाशी वेग सेकंदाला किमान 800 फूट. किंवा वजन आणि वेग कसेही असले तरी ऊर्जा किमान 215 फूट-पाउंड.

गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 450240, म्हणजे ऊर्जा. 145 ग्रेनची गोळी 780 फूट वेगाने गेली तर 196 फूट-पाउंड. बोअर मोठं आहे, बंदूक चांगली आहे, आणि तरीही हरणासाठी ती बेकायदा ठरते. वेगमापक घेऊन स्वतःच्या रायफलीचा, स्वतःच्या गोळीचा वेग मोजा. पहिल्याच नाही, ज्या बाराला हरिण समोर येईल त्या बाराचाही आकडा 215 च्या वर हवा. तिसऱ्या बाराला ती 190 वर येत असेल तर हरणाच्या दिवशी दोनच बार तुमचे.

दुसऱ्या राज्यांत आकडे वेगळे. मिसूरीत हरणासाठी .40 किंवा मोठं बोअर लागतं आणि रायफल बाहेरच्या उच्च दाबाच्या स्रोताने भरलेली असावी लागते. टेक्सासात हरणासाठी परवाना लागतो, आणि 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं प्रशिक्षणही. ही अट डुकराच्या सवलतीशी मिसळू नका.

प्रश्न: डॅलसहून. हवा भरण्यासाठी काय घ्यावं? हातपंप स्वस्त आहे, टाकी महाग, कॉम्प्रेसर त्याहून महाग.

उत्तर: खरं तर हा प्रश्न रायफलीच्या आधी यायला हवा. मोठं बोअर हवा खातं, आणि रायफल घेऊन कपाटात ठेवणाऱ्यांपैकी बरेच जण हवेपायी कंटाळलेले असतात.

हातपंपाने .22 ची पीसीपी भरणं हा व्यायाम आहे. मोठ्या बोअरची भरणं हा छळ आहे. 340 सीसीची टाकी 1800 वरून 3000 वर न्यायला शंभराच्या पुढे दट्टे मारावे लागतात, आणि वरचे पाचशे पीएसआय अंगाचं पाणी काढतात. घाईने मारलेल्या दट्ट्यांनी पंप तापतो, त्याच्या सिलना मार बसतो आणि आत पाणी साचतं. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1780 मध्ये घेतलेली गिरांडोनी हवेची रायफल भरायला दीड हजारांच्या आसपास दट्टे लागत. ते काम सैन्याला परवडत होतं. एकट्या माणसाने आणीबाणीपुरता पंप ठेवावा.

सगळ्यात सुखाची सोय म्हणजे कार्बन-फायबरची मोठी टाकी: 6.8 लिटर, 4500 पीएसआय. बुलडॉगच्या 340 सीसीसाठी हिशेब करू. 1800 वरून 3000 म्हणजे 1200 पीएसआय गुणिले 0.34 लिटर, म्हणजे 408. याला 6.8 ने भागलं की 60. प्रत्येक भरण्याला मोठी टाकी 60 पीएसआय उतरते. 4500 ते 3000 मध्ये 1500 हाताशी, म्हणजे कागदावर 25 भरणी. इतक्या दाबाला हवा पुस्तकातल्या नियमाप्रमाणे वागत नाही, म्हणून वीसेक धरा.

आता हीच टाकी हॅमरच्या 4500 च्या बाटलीला लावा. पहिल्याच भरण्यानंतर मोठी टाकी 4500 च्या खाली येते आणि पुढची प्रत्येक भरणी आधीपेक्षा कमी. रेग्युलेटर 3000 वर असल्यामुळे बार तेवढ्याच जोराचे निघतील, पण दर भरणीमागे बारांची संख्या घटत जाईल. म्हणून 4500 ची रायफल घेणाऱ्याने कॉम्प्रेसरचा खर्च त्याच दिवशी धरावा; 3000 ची घेणाऱ्याने टाकीचा. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुष्कळ पैसे वाचतात.

टाकी घेताना तिच्यावरचा शिक्का वाचा. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी लागते, आणि कार्बन-फायबरच्या टाकीचं आयुष्य सहसा 15 वर्षांचं असतं. मुदत संपलेली टाकी स्वस्तात मिळते, पण डायव्हिंगचं दुकान ती भरून देत नाही. काही दुकानं 3000 किंवा 3500 च्या वर भरतच नाहीत. टाकी घेण्याआधी त्यांना फोन करा.

कॉम्प्रेसर घेतलात तर पाण्याशी गाठ आहे. मेक्सिकोच्या आखाताकडची हवा दमट, ती दाबली की त्यातलं पाणी बाहेर पडतं आणि गाळणी नसेल तर रायफलीच्या टाकीत जातं. तिथे ते व्हॉल्व्हचं बूड गंजवतं. ओलावा शोषणारी गाळणी लावा, दर चार-पाच मिनिटांनी पाण्याचा स्क्रू सैल करून फुसकारा काढा, आणि गाळणीतला माल वेळेवर बदला.

ऑक्सिजनच्या सिलिंडरने रायफल कधीही भरू नका. आतल्या तेलाच्या थेंबाशी तो पेट घेतो आणि टाकी फुटते. पेट्रोलियमचं तेलही नको. ओ-रिंगांना (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांना) सिलिकॉनचंच वंगण.

प्रश्न: सॅन अँटोनिओहून. रायफल पूर्ण भरून गाडीत ठेवली होती. दुपारी रानात पोचल्यावर पहिला बार अगदी फुसका निघाला, दुसरा बरा, तिसरा जोरात. उलटं कसं? बिघडली का?

उत्तर: बिघडलेली नाही, तापली. 20 अंशाला 3000 पीएसआय भरलेली टाकी बंद गाडीत 60 अंशांवर गेली की दाब 3400 होतो. व्हॉल्व्ह उघडतो तो हातोडीच्या ठोक्याने, आणि टाकीतला दाब तो बंद ठेवायला बघतो. दाब वाढला की तोच ठोका व्हॉल्व्हला जेमतेम उघडतो आणि गोळीमागे हवाच जात नाही. याला व्हॉल्व्ह अडकणं म्हणतात. एकदोन बारांनी दाब उतरला की गाडी रुळावर येते. जास्त भरलेल्या रायफलीतही हेच होतं, म्हणून ‘थोडी जास्तच भरतो, जोर येईल’ हा विचार उलट फळतो.

अगदीच अडकली तर रिकाम्या बारांनी, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, दाब उतरवा, किंवा हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो वापरा. दाबाखाली असताना रायफल उघडू नका. उन्हाळ्यात 2700 पर्यंत भरून न्या आणि रानात पोचल्यावर वर आणा. भरतानाही सावकाश भरा. घाईने भरलेली हवा तापते, काटा 3000 दाखवतो आणि थंड झाल्यावर शे-दोनशेने खाली येतो.

याच निमित्ताने सगळ्यांसाठी: रेग्युलेटर नसलेल्या रायफलीचे बार एकसारखे नसतात. पूर्ण भरून एकेक बार वेगमापकावरून काढा आणि कागदावर लिहीत जा. उदाहरणादाखल 780, 776, 765, 748, 722 असे आकडे आले, आणि नेम 780 ला बसवलेला असेल, तर पाचवी गोळी 50 यार्डांवर सव्वा इंच खाली जाईल. ते चालेल. 75 यार्डांवर तीन इंच खाली जाईल. ते चालणार नाही. म्हणून तीन बार आणि मग भरणं, अशी शिस्त लावा. बऱ्याच रायफली कंपनीच्या आकड्यापेक्षा थोड्या कमी दाबावर जास्त एकसारखे बार देतात. 2900, 2800 असं उतरवत तपासा.

प्रश्न: .45 च्या गोळ्या म्हणून पिस्तुलाच्या स्वस्त गोळ्या मागवल्या. माझ्या .457 मध्ये त्या थेट घसरत जातात आणि कागदावर आडवी भोकं पडतात.

उत्तर: नावात .45 असलं तरी माप एक नाही. .45 पिस्तुलाची तांब्याचं कवच असलेली गोळी .451, शिशाची .452. तुमची नळी .457 किंवा .458, म्हणजे जुन्या .45-70 रायफलीच्या जातीची. पाच हजारांश इंचाची फट राहिली की नळीतले आटे गोळीला पकडतच नाहीत, ती फिरत नाही, आणि आडवी होऊन लागते. हवाही बाजूने निसटते.

नळीचं खरं माप काढा. मऊ शिशाची किंचित जाड गोळी तेल लावून लाकडी दांड्याने नळीतून हळू ढकला, बाहेर आल्यावर मायक्रोमीटरने मोजा. गोळी तेवढीच किंवा हजारांशाने जाड हवी. कवच असलेल्या गोळ्या मापात मिळाल्या तरी घेऊ नका, हवेला त्या आट्यांत दाबायचा जोर नसतो. शिसं शुद्ध, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. चाकांच्या वजनांचं मिश्र शिसं कठीण असतं, बोल्ट ढकलताना हाताला कळतं, आणि 700 फुटांच्या वेगाला ते फुलत नाही.

माप बरोबर असूनही आडवी भोकं पडली तर गोळी तुमच्या आट्यांच्या पिळासाठी फार लांब आहे. एक पायरी हलकी घ्या. घरी ओतत असाल तर उघड्यावर ओता, भांड्यात पाण्याचा थेंब पडू देऊ नका (वाफ होऊन शिसं उसळतं), आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

प्रश्न: डुकराला नेम नेमका कुठे? आणि किती लांबून?

उत्तर: हवेच्या रायफलीची गोळी बाणासारखी मारते, बारुदी रायफलीसारखा धक्का देत नाही. भोक पडतं, रक्त जातं. त्यामुळे जागा चुकली तर जोर कामी येत नाही.

डुकराचं हृदय आणि फुप्फुसं आपल्याला वाटतात त्याहून खाली आणि पुढे असतात. हरणावर सरावलेला माणूस हमखास मागे आणि वर मारतो. डुक्कर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर या आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबा. त्याहून उत्तम म्हणजे ते किंचित पाठमोरं तिरकं असणं. मग गोळी खांदा चुकवून आत शिरते. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट कातड्याची ढाल असते, ती .357 ची गोळी अडवू शकते. डोक्याचा बार कानाच्या बुडापासून डोळ्याकडे जाणाऱ्या रेषेवर, कानाच्या बाजूला, आणि डुक्कर खाण्यात गुंतून स्थिर असेल तरच, 30 यार्डांच्या आत.

.357 साठी 50 यार्ड ही हद्द धरा. तोंडाशी 750 फुटांची गोळी 50 वर नेम बसवला तर 25 यार्डांवर इंचभर वर, 75 वर सहा इंच खाली आणि 100 वर दीड फूट खाली जाते. अंतर दहा यार्डांनी चुकलं तर डुक्कर जखमी होऊन पळेल. लेझरने अंतर मोजा, अंदाजावर जाऊ नका. मागे मातीचा बांध असल्याशिवाय बार नको. चुकलेली गोळी शेकडो यार्ड पुढे जाते.

बारानंतर वीसेक मिनिटं थांबा, मग रक्ताच्या खुणेवर जा. साफ करताना रबरी हातमोजे घाला. रानडुकरांत ब्रुसेला या जिवाणूचा संसर्ग असतो. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, त्यात शिशाचे कण असतात. बाकी पूर्ण शिजवा.

प्रश्न: एडिसन, न्यू जर्सी. टेक्सासला मित्राकडे जातो, पण रायफल घरी ठेवायची आहे. ऑनलाइन मागवू?

उत्तर: थांबा. न्यू जर्सीत पीसीपीसारख्या हवेच्या रायफलीही कायद्याने बंदुकीतच धरल्या जातात आणि खरेदीला बंदूक-खरेदीदाराचं ओळखपत्र लागतं. मित्राच्याच नावावर, त्याच्याच घरी असू द्या. तुम्ही तिथे गेल्यावर वापरा.

प्रश्न: सावंतवाडीजवळून. रानडुकरं भात आणि माडाची रोपं उपसतात. भाऊ अमेरिकेहून येताना अशी एखादी आणू शकेल का? इथे वापरता येईल?

उत्तर: दोन्हींना नाही. भारतात .177 पेक्षा मोठं बोअर किंवा 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असली की हवेच्या बंदुकीलाही शस्त्र परवाना लागतो. 20 ज्यूल म्हणजे पंधरा फूट-पाउंडही नाहीत, आणि इथे आपण 200 नि 700 च्या गोष्टी करतोय. परवान्याशिवाय आयातही करता येत नाही. भावाला विमानतळावर अडकवू नका. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या अनुसूचीत आहे. शेतीचं नुकसान करणाऱ्या डुकराला मारायचं असेल तर कलम 11 खाली अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी हवी. तोवर नुकसान झाल्याबरोबर फोटो काढून वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात भरपाईचा अर्ज द्या, आणि पंचनामा होईपर्यंत उपसलेली रोपं तशीच राहू द्या.

प्रश्न: मॅगझिनवाली बुलपप आहे. बार काढायचा रद्द झाला, बोल्ट पुन्हा मागेपुढे केला, आणि पुढच्या बाराला गोळी वीस यार्डांवरच मातीत घुसली. का?

उत्तर: नळीत दोन गोळ्या गेल्या होत्या. बोल्ट पुढे ढकलला की मॅगझिनमधली गोळी नळीत बसते. बार न काढता पुन्हा मागे घेऊन ढकलला की मॅगझिन फिरतं आणि दुसरी गोळी पहिलीच्या मागे जाते. तेवढीच हवा दुप्पट वजन ढकलते, वेग कोसळतो. याने रायफलीचं सहसा नुकसान होत नाही, पण नेमाचं होतं.

बार रद्द झाला तर बोल्ट पुढेच राहू द्या आणि सुरक्षा-कळ लावा. रायफल ठेवून द्यायचीच असेल तर आधी मॅगझिन काढा आणि नळीतली गोळी मातीच्या बांधात झाडून टाका. आत एक आहे की दोन याची शंका आली तर मॅगझिन काढून, हवा सोडून, तोंडाकडून पितळी किंवा प्लास्टिकचं आवरण असलेली गज घाला आणि किती आत जाते ते बोटाने खूण करून बघा. रिकाम्या नळीत ती कुठवर जाते याची खूण गजेवर आधीच रंगाने करून ठेवावी. गोळ्या बोल्टच्या बाजूने परत ढकलून काढा. दांड्यावर हातोडी मारू नका, मऊ शिसं फुगून आणखी घट्ट बसतं.